रात्री साडेदहाचा डबा: अमळनेर तालुक्यातलं एक प्रकरण

नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांची ही हकिगत आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे. त्यांनी एकच अट घातली होती: "शेवेच्या डब्याचं लिहा मॅडम, पण मी खादाड आहे असं लिहू नका." जळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना इतक्या वर्षांत ज्या प्रकरणांनी मला माझी पद्धत बदलायला लावली, त्यातलं हे एक.

पार्श्वभूमी

मंगलाताई ४४ वर्षांच्या, अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका. पती १९ वर्षांपासून सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. खानदेशात गावोगाव असे सुरतेचे संसार आहेत. माणूस दिवाळीला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा कुणाच्या लग्न-मौतीला भुसावळकडे येणारी गाडी धरून येतो आणि चार दिवसांत परत जातो. बाकीचं वर्ष बाई एकटीने ओढते. मुलगा पुण्यात कंपनीत. मुलगी त्याच जुलैत नर्सिंगला नाशिकला गेली. घरी उरल्या मंगलाताई आणि सासूबाई. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं.

दिवस पहाटे पाचला सुरू होतो. सासूबाईंचं आवरणं, कपडे, पाणी, स्वयंपाक. मग अंगणवाडी: लेकरांना गरम आहार, वजनं, पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर नोंदी, गृहभेटी, गरोदर बायांना "दोन घास जास्त खा ताई" असं समजावणं. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन आणि दंडाचा घेर त्यांना तोंडपाठ. स्वतः दिवसभरात काय खाल्लं हे विचारलं, तर त्यांना थांबून आठवावं लागलं.

माझ्याकडे त्या सप्टेंबरमध्ये आल्या, श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट होऊन महिना झाला असेल. एका आरोग्य शिबिरात तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.१ टक्के निघाली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन ७१ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "रात्रीचं जेवण बंद करा आणि दहा किलो उतरवा." थायरॉइडची तपासणी ठीक होती. भूक वाढवणारी कुठली गोळीही चालू नव्हती.

प्रश्न नेमका काय होता

पहिल्या भेटीत त्यांनी जो आहार सांगितला तो आदर्श होता. सकाळी चहा, दुपारी एक भाकरी आणि भाजी, रात्री थोडी खिचडी. एवढ्यावर वजन वर्षभरात आठ किलो वाढत नाही. मी उलटतपासणी केली नाही. महिन्याचा किराणा काय भरता, तेवढं विचारलं. तेल, साखर, चहा, तूरडाळ, साबण असं सांगता सांगता त्या म्हणाल्या, "शेव तीन किलो." घरात दोन बायका, त्यातल्या एकीला शेव चावता येत नाही. हे बोलल्यावर त्यांचं त्यांनाच लक्षात आलं आणि त्या पदराशी चाळा करत गप्प बसल्या.

मग हळूहळू सगळं निघालं. रात्री साडेदहाला सासूबाईंची गोळी होते, पाठीला जखम होऊ नये म्हणून त्यांना कुशीवर वळवणं होतं. मग मंगलाताई स्वयंपाकघराचा मोठा दिवा बंद करतात, ओट्याखालची छोटी बत्ती लावतात आणि जमिनीवर, गव्हाच्या कोठीला पाठ टेकून बसतात. कोठीमागे स्टीलचा डबा. झाकण वाजू नये म्हणून ते अंगठ्याने दाबून उघडतात. जाड तिखट शेव, मुठीमुठीने, चव लागेनाशी होईपर्यंत. तिखट फार झालं की पोळीवर तूप-साखर, तिची गुंडाळी. मग पुन्हा शेव. आठवड्यातून तीन-चार रात्री असं व्हायचं, मुलगी गेल्यापासून जवळपास रोज. "पोट भरेल ऱ्हास मॅडम, पन मन भरत नही," त्या म्हणाल्या. इतका वेळ माझ्याशी शाळेची मराठी बोलत होत्या, हे वाक्य मात्र अहिराणीत आलं.

दुसऱ्या दिवशी शिक्षा. सकाळचं खाणं बंद, दुपारी दोनपर्यंत फक्त चहा. सोमवार आणि चतुर्थीचा उपवास होताच, त्यात गुरुवारही धरला. त्याआधी कुणाच्या तरी सांगण्यावरून वजन कमी करायची महागडी पावडरही दोन महिने घेऊन झाली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला, सरळ तक्ता. उष्मांक मोजून जेवण, शेव-साखर बंद, आठवड्याला वजन. मला शिकवलेला आणि घरच्यांना पटणारा हाच मार्ग.

दुसरा, लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणं. थोड्या वेळात खूप खाणं, हात आवरत नाही असं वाटणं, लपून खाणं, नंतर स्वतःची किळस, आणि हे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने चालणं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात याला 'अनावर खाण्याचा विकार' म्हणून स्वतंत्र आजाराचं स्थान मिळालं आहे. मंगलाताईंची लक्षणं त्याच्या अगदी जवळ होती.

तिसरा, वजन आणि तक्ता दोन्ही बाजूला ठेवून आधी दिवसभराचं खाणं वेळेवर आणणं, आणि रात्री नेमकं काय होतं ते बघणं.

मी पहिला निवडला. साखर ६.१ होती, त्याही घाईत होत्या, आणि तक्ता दिला की काहीतरी दिल्यासारखं वाटतं. ही माझी चूक होती.

पहिला प्रयत्न आणि तो कसा फसला

१३०० उष्मांकांचा तक्ता. शेवेचा डबा शेजारणीला देऊन टाकायचा. दहा दिवस त्यांनी तो अक्षरशः पाळला, मला रोज ताटाचा फोटो पाठवला. मीही रोज शाबासकी दिली. आज ते संदेश वाचले की मला वाईट वाटतं, कारण माझ्या त्या शाबासकीमुळेच अकराव्या दिवशी त्या मला खरं सांगू शकल्या नाहीत.

अकराव्या दिवशी पतीचा फोन आला: सेठ सुटी देत नाही, दिवाळीला जमणार नाही. त्या रात्री त्यांनी दुकान बंद होण्याआधी अर्धा किलो शेव आणली. निम्मी तिथेच, कोठीला टेकून संपली. मग "पथ्य मोडलंच आहे" म्हणून भाऊबीजेसाठी केलेले लाडूही. फोटो येणं थांबलं. तीन आठवडे त्यांनी माझा फोन उचलला नाही.

या "मोडलंच आहे"ची मला पुस्तकी माहिती होती. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी दाखवलं होतं की जे लोक एरवी खाण्यावर कडक लगाम ठेवतात, त्यांना आधी मिल्कशेक प्यायला दिला की ते नंतर आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्त खातात. लगाम एकदा सुटला की आजचा दिवस गेलाच, असं मन म्हणतं. त्याहून जुना प्रयोग मिनेसोटातला, १९४४-४५ चा. ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास अर्ध्या आहारावर ठेवलं. त्यांना दिवसरात्र अन्नच सुचायला लागलं, आणि पुरेसं खायला मिळाल्यावरही काहींना कितीतरी आठवडे पोट भरल्याची जाणीव होत नव्हती. मनाने खंबीर म्हणून निवडलेल्या तरुणांची ही गत. मग पहाटे पाचपासून उपाशी राबणारी बाई रात्री साडेदहाला डब्याकडे वळली, तर तिच्या मनाच्या ताकदीचा प्रश्न येतोच कुठे? हे माहीत असूनही मी तक्ता दिला होता.

घरी गेले तेव्हा

दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी गेले. आहारतज्ज्ञ सहसा घरी जात नाही. मीही केवळ शरमेपोटी गेले. मंगलाताई अंगणवाडीतून यायच्या होत्या, खाटेवर सासूबाई एकट्या. मी कोण ते सांगितलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग डावा हात कोठीच्या दिशेने हलवला आणि एकेक शब्द सोडवत म्हणाल्या, "दिनभर उपाशी ऱ्हास ती. रातले खास." म्हणजे दिवसभर उपाशी राहते, रात्री खाते.

त्यांना सगळं माहीत होतं. झाकण न वाजवता उघडणारी सून त्यांना खाटेवरून रोज ऐकू येत होती. आणि मी ज्याला भावनेची भूक समजून बसले होते, त्यातली मोठी भूक पोटाची आहे, हे त्या अंथरुणावरून नेमकं सांगत होत्या.

मंगलाताई आल्या, मला बघून आधी दारातच थबकल्या. सासूबाई काय म्हणाल्या ते मी त्यांना सांगितलं. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि खूप रडल्या. मग उठून चहा ठेवला. मी म्हटलं, "चहाबरोबर तुम्ही काही खाल्लंत तरच मी पिईन." त्यांनी सकाळची भाकरी काढली, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. आम्ही तिघींनी मिळून खाल्लं. सासूबाईंना चहात कुस्करून. त्या दिवशी आम्ही वजनाचा विषय काढला नाही.

प्रत्यक्ष काय केलं

तक्ता रद्द केला. वजनकाट्यावर तीन महिने उभं राहायचं नाही असं ठरवलं. साखरेची तपासणी मात्र ठरल्या वेळी होणारच होती.

नोंदवही ठेवली, पण उष्मांकांची नाही. रजिस्टर लिहायची त्यांना सवयच. तीन रकाने: वेळ, भूक, आणि त्याआधी काय झालं. भूक एक ते दहा अशी मोजायला सांगतात, ते त्यांना काही जमेना. त्यांनीच मार्ग काढला, "आण्यांत लिहू का?" चार आणे म्हणजे चाललं असतं, आठ आणे म्हणजे खावंसं वाटतंय, बारा आणे म्हणजे पोट ओढतंय, रुपया म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी. ही मोजणी मी तेव्हापासून अनेकांना शिकवली आहे.

पहिल्या १४ रात्रींच्या नोंदींत नऊ रात्री साडेदहाला भूक बारा आणे किंवा रुपया होती. म्हणजे नऊ रात्री शरीर खरोखर अन्न मागत होतं, आणि अन्न म्हणून जवळ होता तो डबा. उरलेल्या पाच रात्री भूक चार आण्यांच्या आत. त्या पाचांपुढे तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: "सुरतेचा फोन." "आईंचं अंथरूण दोनदा बदललं." "पोरीचा फोन आला नाही." "सुपरवायझर बोलल्या." आणि एका रात्री नुसतं, "काही नाही. बसावंसं वाटलं."

या शेवटच्या नोंदीवर आम्ही एक अख्खी भेट बोललो. पहाटे पाचपासून त्या कुणाच्या ना कुणाच्या हाकेला ओ देत असतात. साडेदहा ते अकरा हा एकच अर्धा तास असा की कुणी हाक मारत नाही. शेव म्हणजे त्या अर्ध्या तासात शिरायचं दार होतं. मी पहिल्या तक्त्यात शेव काढून घेतली, तेव्हा तो अर्धा तासही काढून घेतला. त्याच्या बदल्यात काहीच दिलं नव्हतं.

मग दोन भुकांसाठी दोन वेगळी कामं ठरली. पोटाच्या भुकेचं काम सोपं होतं. सकाळी नऊच्या आत ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, सोबत आदल्या दिवशीची भाजी किंवा दही. दुपारी लेकरं जेवायला बसली की आपला घरचा डबा उघडून खाली बसायचं, वाढता वाढता उभ्याने नाही. साडेपाचच्या चहाबरोबर फुटाणे-शेंगदाणे किंवा एक केळं. रात्री साडेआठला सासूबाईंना भरवतानाच स्वतःचं ताट: डाळ किंवा उसळ भरपूर, हव्या तेवढ्या भाकऱ्या. आठवड्यातून एकदा फुनके-कढी (डाळीचे वाफवलेले मुटके आणि कढी), कारण ती दोघींना आवडते आणि सासूबाईंना मऊ पडते. सोमवार ठेवला, बाकीचे उपवास मोकळे केले. देवाला काय सांगायचं ते त्यांचं त्यांनी सांगितलं.

शेव घरात परत आणली. यावर नणंद माझ्यावर चांगलीच चिडली: "साखर वाढेल आहे नि तुम्ही शेव खायला सांगता?" पण अट बदलली होती. डबा कोठीमागे नाही, फळीवर. खायची तर वाटीत काढून, दिवा लावून, ओट्यावर बसून. आधी जेवण झालेलं असलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात त्या तीन वाट्या खायच्या. चौथ्या आठवड्यात नोंद आली: "अर्धी वाटी. तेलाचा वास आला, ठेवून दिली." तोच डबा, तीच शेव. जुन्या तेलाचा वास आजवर अंधारात कधी आलाच नव्हता.

मनाच्या भुकेचं काम किचकट. गोधडी शिवायचं ठरलं, ते आठवडाभरात बारगळलं. रात्री टाके दिसत नव्हते, आणि ते आणखी एक कामच झालं. मुलीशी साडेनऊला फोन ठरवला, तो टिकला. पण खरा फरक पडला तो झोपेने. सासूबाईंना रात्री दोनदा वळवावं लागतं, त्यामुळे सलग झोप चार तास. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, गोड-तेलकट खावंसं वाटतं, हे शरीराचं गणित आहे. आम्ही नणंदेला, म्हणजे सासूबाईंच्या लेकीला, बोलावलं. ती धरणगावला असते. बोलणं सोपं नव्हतं. शेवटी सासूबाईच डाव्या हाताने लेकीचा हात धरून काहीतरी म्हणाल्या. मला ते समजलं नाही, तिला समजलं. तेव्हापासून दर शनिवारची रात्र नणंद सांभाळू लागली. आठवड्यातून एक रात्र मंगलाताई सात तास झोपू लागल्या. रविवारी वहीत भूक क्वचितच आठ आण्यांवर जायची.

मनोविकारतज्ज्ञांचा विषय मी जानेवारीत काढला. "माले येड लागेल नही," हे पहिलं उत्तर. मग मी त्यांना सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिला. विनामूल्य, मराठीत, घरबसल्या, नाव सांगायची सक्ती नाही. तिथे दोनदा बोलल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, जळगावची वेळ घ्या. निदान झालं: सौम्य नैराश्य आणि अनावर खाण्याचा विकार. औषध लागलं नाही, समुपदेशनाच्या सहा बैठका झाल्या.

निष्पत्ती

एप्रिलअखेरपर्यंत, म्हणजे पहिल्या भेटीपासून सुमारे आठ महिन्यांत, अनावर खाण्याच्या रात्री जवळपास रोजवरून महिन्याला एक-दोनवर आल्या. तीन महिन्यांची साखर ६.१ वरून ५.८. वजन ७१ वरून साडेअडुसष्ट. वजनाच्या आकड्याने शिबिरातले डॉक्टर खूश होणार नाहीत. शेव महिन्याला एक किलो लागते, आणि आता त्यात नणंदेचाही वाटा आहे.

आखाजीला मुलगी नाशिकहून आली. खापरावरचे मांडे (पुरणाच्या मोठ्या पातळ पोळ्या) आणि आमरस. त्याआधी आठवडाभर मंगलाताई घाबरल्या होत्या, उपाशी राहून "जागा करून ठेवू का" असं विचारत होत्या. मी म्हटलं, सकाळची भाकरी चुकवू नका, बाकी मांड्यांचं मांडे बघतील. त्या दिवशीची नोंद: "दुपारी दीड. भूक बारा आणे. मांडे दोन, रस दोन वाट्या. सगळ्यांसोबत. रात्री भूक नाही."

आज असं प्रकरण आलं तर

पहिल्या भेटीत वजन करणार नाही. आकडा दिसला की आम्ही दोघीही त्याच्याच मागे लागतो.

दिवसाची विचारपूस आधी, रात्रीची नंतर. खानदेशात, आणि खानदेशातच कशाला, घरातली बाई सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं, बरेचदा उभ्याने खाते. तिच्या रात्रीच्या खाण्याला भावनिक म्हणण्याआधी दिवसभर तिच्या पोटात किती गेलं ते मोजलं पाहिजे. मी हे उलट्या क्रमाने केलं, त्यात दोन महिने गेले आणि एका बाईला आपण नापास झालो असं वाटलं.

मनोविकारतज्ज्ञांचा विषय सप्टेंबरातच काढायला हवा होता. त्या दुखावतील म्हणून मी थांबले. आज म्हणेन, डोळे तपासायला सांगतो तितक्या साधेपणाने तो पहिल्याच दिवशी सांगावा.

ताटाचे फोटो मी आता कुणाकडूनही मागत नाही.

एक निर्णय मला अजून पटलेला नाही: पतीशी मी एकदाही बोलले नाही. मंगलाताई नको म्हणाल्या, मी मान्य केलं. पण वहीतल्या "सुरतेचा फोन" या नोंदी आजही सगळ्यांत जास्त आहेत.

सध्या

जूनमध्ये पेरणी सुरू झाली आणि नणंदेचा शनिवार बंद पडला. तिच्या घरी कपाशीची लागवड. दोन आठवड्यांत वहीत पुन्हा रुपया दिसायला लागला, एक रात्र कोठीमागचीही झाली. ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला फोन करून सांगितली. या वेळी तीन आठवडे गेले नाहीत. शेजारची एक मावशी आता बुधवारी रात्री झोपायला येते, त्या बदल्यात मंगलाताई तिच्या नातीचा अभ्यास घेतात. साखरेची पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे.